मासळीवर वाढलेल्या वयस्क मांजरीला मूत्रपिंडाचा विकार : आहार कसा बदलावा आणि सलाईन घरी कसे द्यावे?

अंत्रुजवासी (फोंडा) यांचा प्रश्न

सर्वांस नमस्कार.

आमची मनी १४ वर्षांची आहे. गेल्या काही महिन्यांत तिचे पाणी पिणे आणि लघवी दोन्ही वाढले व वजन ४.२ किलोवरून ३.३ किलोवर आले. रक्ततपासणीत क्रिएटिनीन (मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा टाकाऊ घटक) ३.४, फॉस्फरस ५.८ आणि पोटॅशियम ३.४ निघाले, लघवीची घनता १.०१४ भरली. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचा जुनाट विकार, तिसरा टप्पा, असे निदान करून किडनीच्या रुग्ण मांजरांसाठी मिळणारे खास खाद्य सुरू करण्यास सांगितले आहे. शिवाय एक दिवसाआड १०० मिलीलीटर रिंगर लॅक्टेट हे सलाईन त्वचेखाली घरीच द्यावे, असा त्यांचा सल्ला आहे.

माझी पहिली अडचण खाण्याची आहे. मनी जन्मापासून आमच्या ताटातल्या मासळीवर वाढली. तारल्याची, बांगड्याची डोकी, कोळंबीची टरफले आणि त्यासोबत थोडा भात हेच तिचे जेवण. १ जूनपासून मासेमारीबंदी लागल्याने ताजी मासळी महाग आणि कमी झाली आहे, त्यामुळे घरात पुरुमेंताचे (पावसाळ्यासाठी साठवलेले) सुके बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) निघू लागली आहेत, आणि तिला त्यांचा वास लागला की ती दुसऱ्या कशालाही तोंड लावत नाही. पुढे श्रावणात तर घरात महिनाभर शिवराक (शाकाहारी) जेवणच असते. नवे खाद्य ती हुंगते, ओठ चाटते आणि मान फिरवून निघून जाते. शेजारच्या काकी म्हणतात की किडनीच्या आजारात मासळी विषासारखी, ती पूर्ण बंद करून फक्त दूधभात आणि पेज द्यावी.

दुसरी अडचण सलाईनची. दवाखान्यात मला एकदा दाखवले, पण घरी सुई धरताना हात थरथरतो. ज्यांनी हे केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बार्देशकर (म्हापसा)

ताई, आपली काळजी मी पूर्णपणे समजू शकते, कारण आमच्या घरी याच विकाराची मांजर बराच काळ सांभाळलेली आहे. औषधांविषयी डॉक्टर लिहितील; मी जेवणाविषयी लिहिते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की मांजराने खाल्ले पाहिजे. किडनीचे उत्तमात उत्तम खाद्य ताटलीत तसेच राहिले तर त्याचा उपयोग शून्य. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर यकृतात चरबी साठून वेगळाच जीवघेणा आजार होऊ शकतो, म्हणून "भूक लागली की खाईल आपोआप" हा आपल्याकडचा सल्ला मांजरांच्या बाबतीत कधीही पाळू नये. नवे खाद्य वेगळ्या बशीत, जुन्या जेवणाच्या शेजारी, अगदी चिमूटभर ठेवावे. ती त्याच्याजवळ बसून जेवू लागली, मग त्यातले थोडे चाटू लागली, की मगच प्रमाण वाढवावे. यास तीन-चार आठवडे लागतात, काही मांजरांना त्याहूनही जास्त. त्यात काही बिघडत नाही. जुने जेवण एका दिवसात काढून घेण्याची घाई मात्र करू नये.

ओले खाद्य किंचित कोमट करून पसरट बशीत द्यावे. वयस्क मांजरांची घ्राणशक्ती मंदावते आणि कोमट खाद्याचा वास त्यांना लवकर कळतो. कोरडे दाणे देत असाल तर पावसाळ्यात लहान पाकीटच आणावे. आपल्या गोव्याच्या दमट हवेत उघडे पाकीट काही दिवसांतच मऊ पडते, वास जातो, बुरशी धरते, आणि मग "मांजराला हे खाद्य आवडत नाही" असा आपला गैरसमज होतो. घट्ट झाकणाचा डबा अत्यावश्यक आहे. औषधाची गोळी मात्र नव्या खाद्यात कधीही लपवू नका. एकदा कडू चव लागली की ते खाद्य कायमचे नकोसे होते. अपवाद फक्त डॉक्टर जेवणातच द्यायला सांगतील त्या औषधाचा, आणि तेही आधी जुन्या, आवडत्या घासात घालून पाहावे.

मासळीबद्दल माझे मत काकींपेक्षा वेगळे आहे. तारल्याची डोकी, काटे आणि टरफले बंद करावीत, कारण हाडांत फॉस्फरस भरपूर असतो. सुकी मासळी तर त्याहून वाईट, कारण तिच्यात फॉस्फरसबरोबर मीठही असते. ती बरणी मनीच्या नाकाला लागणार नाही अशा ठिकाणी हलवा. पण ताज्या माशाचा काटे काढलेला, मीठ-मसाल्याविना उकडलेला गर चमचाभर, नव्या खाद्यावर कुस्करून घातला तर तो तिला बशीकडे ओढून आणतो. हुमणातला (माशाच्या आमटीतला) तुकडा धुऊन देण्याची पद्धत आपल्याकडे आहे, तीही सोडावी, कारण कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. श्रावणात चुलीवर मासळी नको असेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा बलक चालतो. त्यात फॉस्फरस फार कमी असतो. घरात तेही चालत नसल्यास खाद्याचे बंद पाकीट हाच मार्ग आहे, आणि म्हणून श्रावण लागण्यापूर्वीच तिला त्याची सवय व्हायला हवी. आपल्या हातात अजून वेळ आहे.

पशुवैद्य (सासष्टी)

नमस्कार. मनीला तपासलेल्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा. मी फक्त त्यांच्या सल्ल्यामागची कारणे स्पष्ट करतो आणि त्यांना विचारण्यासारखे काही प्रश्न सुचवतो.

क्रिएटिनीन २.९ ते ५.० या दरम्यान असेल तर आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार तो तिसरा टप्पा ठरतो, तेव्हा निदान योग्यच दिसते. क्रिएटिनीन वाढलेले दिसते तेव्हा मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता आधीच गेलेली असते, आणि मांजर तोपर्यंत वरकरणी ठणठणीत दिसत असते. म्हणून "आम्हाला आधी का कळले नाही" असा दोष आपण स्वतःकडे घेऊ नये. निरोगी मांजराच्या लघवीची घनता साधारण १.०३५ च्या वर असते. मनीची १.०१४ आहे, म्हणजे तिची मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू शकत नाहीत, आणि बाहेर जाणाऱ्या पाण्याची भरपाई ती पिऊन करते आहे. यासाठीच लघवी कमी व्हावी म्हणून पाण्याचे भांडे उचलून ठेवणे हे या आजारात सर्वांत घातक काम आहे. पाणी घरात तीन-चार ठिकाणी, पसरट भांड्यांत, शौचाच्या ट्रेपासून दूर ठेवावे. ट्रेची कड बुटकी असावी व तो तिच्या झोपण्याच्या जागेच्या जवळ असावा.

आता आहार. गेलेली पेशीरचना परत येत नाही. आपण उरलेली जपतो. त्यात मुख्य शत्रू फॉस्फरस आहे. तो रक्तात साचला की शरीरातील कॅल्शियमचा तोल ढळतो आणि उरलेल्या मूत्रपिंडाची झीज वेगाने होते. तिसऱ्या टप्प्यात तो ५.० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट असते, मनीचा ५.८ आहे. किडनीच्या खाद्यात फॉस्फरस कमी, प्रथिने मोजकी पण उत्तम प्रतीची आणि ओमेगा-३ स्निग्धाम्ले जास्त असतात. खाद्य लागू झाल्यानंतर चार ते सहा आठवड्यांनी फॉस्फरस पुन्हा तपासावा, आणि तो तरीही खाली आला नसेल तर अन्नातच त्याला बांधून ठेवणारे औषध जेवणाबरोबर देता येते. हे औषध रिकाम्या पोटी दिल्यास व्यर्थ जाते.

दूधभात व पेज यांना माझा स्पष्ट विरोध आहे. मांजर हा मूलतः मांसाहारी प्राणी आहे; टॉरीन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळवावा लागतो आणि तो न मिळाल्यास हृदय व डोळे बिघडतात. दुधात फॉस्फरस असतोच, शिवाय बहुतेक प्रौढ मांजरांना दूध पचत नाही. जुलाब झाले की जे पाणी आपण सुईने भरतो ते तिकडून निघून जाते. भातावर ठेवलेल्या मांजराचे स्नायू झडतात, आणि स्नायू झडले की क्रिएटिनीन खोटेच कमी दिसते. कागदावर सुधारणा आणि मांजर मात्र खंगत जाते, अशी अवस्था मी दवाखान्यात पाहिली आहे.

"हुंगते, ओठ चाटते, मान फिरवते" हे आपले वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. हे नावडीपेक्षा मळमळीचे लक्षण असण्याची शक्यता जास्त आहे. या आजारात पोट ढवळते. मांजराला खायचे असते पण खाववत नाही. मळमळ थांबवणारी मॅरोपिटंट किंवा ऑनडॅन्सेट्रॉन आणि भूक वाढवणारे मिर्टाझापिन ही औषधे आपल्याकडे मिळतात. त्यांची मात्रा मी येथे लिहिणार नाही. मिर्टाझापिन तर मूत्रपिंडाच्या रुग्णात शरीराबाहेर सावकाश पडते, म्हणून ते अंतर ठेवूनच द्यावे लागते. आधी मळमळ आवरावी, मग नवे खाद्य पुढे करावे. पोट ढवळत असताना समोर ठेवलेल्या खाद्याचा मांजराला कायमचा तिटकारा बसतो.

आपल्या डॉक्टरांना पुढील गोष्टी अवश्य विचारा. रक्तदाब मोजला आहे का? तो सातत्याने १६० च्या वर राहिला तर औषध लागते, आणि १८० च्या पुढे गेला तर डोळ्याचा पडदा सुटून मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. लघवीतील प्रथिनांचे प्रमाण व जंतुसंसर्ग तपासला आहे का? या वयात वजन इतके उतरले असताना थायरॉइडचीही तपासणी हवी, कारण वाढलेला थायरॉइड मूत्रपिंडाचे खरे चित्र झाकून ठेवतो. पोटॅशियम ३.४ म्हणजे कमीकडे झुकलेले आहे. मनी मान खाली घालून चालत असेल किंवा मागच्या पायांत जोर नसेल तर ते त्यामुळेच असू शकते, आणि त्यावर सोपा उपाय आहे. बद्धकोष्ठाकडेही लक्ष ठेवावे. शरीर कोरडे पडले की शौचाला खडा होतो आणि तेवढ्यानेही भूक मरते.

घरातील माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तिला कोणत्याही परिस्थितीत देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक मूत्रपिंडावरच घाव घालतात. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही : फुलदाणीत ठेवण्याची लिली. तिचे पान, परागकण किंवा फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना निकामी करते. घरात समारंभ असेल, कोणी पुष्पगुच्छ आणला असेल, तर लिली दाराबाहेरच ठेवावी.

डिचोलीचा शिक्षक

ताई, सलाईनविषयी लिहितो. हात थरथरणे स्वाभाविक आहे आणि ते कमी होते.

बाटलीवर "रिंगर लॅक्टेट" हेच नाव आहे ना, हे दुकानात उभे राहूनच वाचून घ्यावे. औषधविक्रेता कधी कधी डेक्स्ट्रोज मिसळलेले सलाईन हातात ठेवतो. ते त्वचेखाली देऊ नये, त्याने दाह होऊन गळू होण्याचा धोका असतो. बाटली कोमट पाण्याच्या तपेलीत ठेवून अंगाच्या उष्णतेइतकी करावी आणि मनगटावर थेंब टाकून पाहावी. थंडगार सलाईन हेच बहुतेक मांजरांच्या पळण्याचे कारण असते. बाटली खिडकीच्या गजाला किंवा दाराच्या वरच्या खिळ्याला, जितकी उंच तितकी, टांगावी. उंचीमुळे धार जलद येते आणि काम काही मिनिटांत आटोपते. सुई टोचण्यापूर्वी नळीतली हवा काढून टाकावी.

मनी जिथे रोज लोळते तिथेच, तिच्या नेहमीच्या गोधडीवर तिला बसवावे; टेबलावर चढवू नये. दोन्ही खांद्यांच्या मध्ये सैल कातडी चिमटीत उचलली की तंबूसारखी घडी होते. त्या घडीच्या बुडाशी, शरीराला समांतर, सुईचे तिरके तोंड वर ठेवून एका दमात सुई आत सारावी. हळूहळू सारल्यास जास्त दुखते. फार सुई पलीकडे गेली तर केस ओले होतात, तेव्हा बाहेर काढून नवी सुई घ्यावी. आमच्या डॉक्टरांनी २० गेजची (गेज म्हणजे सुईच्या जाडीचे माप) सुई सुचवली होती. जाड सुईने वेळ कमी लागतो, बारीक सुईने टोचणे सुसह्य होते, आणि आपल्या मांजराला काय मानवते ते लवकरच ध्यानात येते. बाटलीवर पट्टी चिकटवून १०० मिलीलीटरची खूण आधीच करून ठेवावी, कारण त्या क्षणी आकडे वाचण्याइतके लक्ष थाऱ्यावर नसते.

खांद्यावर उंचवटा येतो, तो हळूहळू पुढच्या पायाकडे ओघळतो आणि काही तासांत जिरतो. पुढच्या वेळेपर्यंत तो जिरला नसेल तर नवे सलाईन देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा. श्वास जलद चालू लागला, तोंड उघडून श्वास घेऊ लागली, तर लगेच थांबवून दवाखाना गाठावा. हृदय कमकुवत असलेल्या मांजराला जादा पाणी झेपत नाही. दर वेळी नवी सुई वापरावी. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवून दवाखान्यात परत द्याव्यात. कचरा गोळा करणाऱ्यांच्या हाताला त्या टोचतात.

अंत्रुजवासी (फोंडा)

आपणा तिघांचे मनापासून आभार. आपल्या सांगण्यावरून आमच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी मळमळीचे औषध सुरू केले असून रक्तदाब मोजण्यासाठी बोलावले आहे. सुकी मासळी माळ्यावरच्या पेटीत हलवली आहे. औषध सुरू झाल्यापासून मनी बशीपाशी थांबते, नवे खाद्य चाटते.

आणखी दोन शंका आहेत. एका नातेवाइकांनी पुनर्नवा आणि गोखरूचा काढा द्यावा असे सुचवले आहे. तो दिल्यास चालेल का? दुसरे म्हणजे, चवथीला (गणेश चतुर्थीला) आम्ही सर्वजण पेडण्याच्या मूळ घरी जातो. घर माणसांनी भरलेले, आरत्या, फटाके असे सर्व असते. मनीला तिथे न्यावे की फोंड्याला ठेवावे, यावर घरात एकमत होत नाही.

पशुवैद्य (सासष्टी)

काढा देऊ नये. माणसाला मानवणारी वनस्पती मांजराला मानवेलच असे नाही, कारण अनेक द्रव्यांचे विघटन करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात अपुरी असते. पॅरासिटामॉल मांजराला मारते ते याच कारणाने. पुनर्नवा व गोखरू दोन्ही लघवी वाढवण्यासाठी दिली जातात, आणि मनीच्या शरीरातून पाणी आधीच गरजेपेक्षा जास्त बाहेर जाते आहे. नातेवाइकांचा हेतू चांगला आहे, त्यांना हे कारण सांगितल्यास पटेल.

चवथीबाबत माझे मत फोंड्याला ठेवावे असे आहे, पण एका अटीवर : तिच्या ओळखीचे, सलाईन देता येणारे कोणी तरी दिवसातून दोनदा येऊन तिच्यापाशी बसणारे हवे. परके घर, गर्दी आणि फटाके यांनी या आजाराचे मांजर आधी खाणे सोडते. म्हणून येणाऱ्या माणसाने बशी किती रिकामी झाली, ट्रेमधल्या वाळूत लघवीचे गोळे किती होते आणि शौच झाले का, एवढे रोज फोनवर कळवावे. पूर्ण दिवस काहीच खाल्ले नाही तर कोणीतरी परत यायचे, हे घरात आधीच ठरवून ठेवा.

असे कोणी मिळाले नाही तर मात्र न्यावेच लागेल. तेव्हा पेडण्याच्या घरात तिला सर्वांत मागची, दार बंद राहील अशी एक खोली द्यावी. फोंड्याचीच गोधडी, तोच ट्रे, तीच भांडी तिथे ठेवावीत आणि मुलांना दार उघडण्याची मनाई करावी. माटोळीत (गणपतीच्या वर टांगलेल्या फळाफुलांच्या सजावटीत) कळलावी बांधली असेल तर तिची गळलेली फुले-पाने उचलून टाकावीत, कारण ती वनस्पतीही मांजरांना विषारी आहे. प्रवासाच्या दिवशी सलाईन निघण्यापूर्वी पुरेसे आधी द्यावे, कारण गाडीत लघवी होणार. तिला नेण्याच्या पेटीत जुना टॉवेल अंथरावा.

फॉस्फरस आणि पोटॅशियमची फेरतपासणी चवथीच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका. सणात अनेक दवाखाने व औषधांची दुकाने बंद असतात, म्हणून रिंगर लॅक्टेट, सुया आणि मळमळीचे औषध पंधरा दिवस पुरेल इतके आधीच आणून ठेवा, आणि रक्तदाबाचा आकडा आला की येथे कळवा.